मुशीचं डोकं मागून घ्या

शार्क शिकायला समुद्रच गाठायला हवा असं नाही. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात मुशी, म्हणजे छोटी शार्क, येते, आणि एका मुशीत या शास्त्राचे बरेचसे धडे आहेत. आपल्या किनाऱ्यावर सर्रास सापडणारी छोटी मुशी म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. जुन्या बीएस्सी झूऑलॉजीवाल्यांना हे नाव पाठ असेल, कारण विच्छेदनाच्या ट्रेमध्ये हीच असायची.

अभ्यासासाठी म्हणून मुशी विकत घेऊ नका. ही जात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटसमीप आहे. गिऱ्हाइकासाठी मासा साफ करताना डोकं, पोटातला ऐवज आणि मणक्याचे तुकडे बाजूला पडतात, तेवढे मागून घ्या. मात्र सुरी लागायच्या आत अख्ख्या माशाचे फोटो काढा: एक बाजूने, एक खालून तोंडाचा, एक पाठीवरच्या परांचा.

आधी कल्ल्यांच्या फटी बघा. त्या डोक्याच्या बाजूला असतील तर शार्क, पोटाकडे असतील तर पाकटाच्या कुळातला मासा. मग मुस्कट. स्कोलिओडॉनचं मुस्कट लांब आणि गवंड्याच्या थापीसारखं चपटं असतं. पाठीवरचा पहिला पर बराच मागे, पोटाच्या परांकडे सरकलेला असतो. दुसरा अगदी लहान असतो आणि त्याच्या खालचा गुदपर त्याहून बराच लांब. पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ सारखे आणि डोळ्याच्या मागे-खाली ठळक छिद्र दिसलं, तर ती बांबू शार्क. ती अंडी घालते. बाजारात दोन्ही मुशीच, त्यामुळे वहीत नुसतं 'मुशी' लिहून भागत नाही.

लांबी मोजताना सगळ्यात जास्त घोळ शेपटीचा होतो. बर्फात दबून ती वाकते आणि टेप अंगावरून फिरवला की पोटाचा फुगवटाही मोजला जातो. मासा सपाट फळीवर सरळ ठेवा, पट्टी शेजारी ठेवा आणि मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या वरच्या पात्याच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजा. शेपटी तुटलेली असेल तर शेपूट सुरू होते तिथपर्यंतची लांबी घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. नराला पोटाच्या परांशी दोन नळकांडी असतात, त्यांना क्लास्पर म्हणतात. ती मऊ, लवचीक असतील तर नर अजून वयात आलेला नाही. कडक होऊन मुळाशी पुढे फिरत असतील तर आलेला आहे.

आता डोकं. मुस्कटाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं दिसतात. बोटाने हलकेच दाबा, स्वच्छ जेली बाहेर येते. हीच लॉरेन्झिनीची इंद्रियं. स्टेफानो लॉरेन्झिनीने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण ती कशासाठी आहेत हे कळायला जवळपास तीनशे वर्षं लागली. १९७१ मध्ये एड्रियानस काल्माइनने दाखवलं की वाळूत पुरलेला मासा शार्क त्याच्या अंगातल्या क्षीण विजेवरून शोधून काढते. मासा शिळा असेल किंवा वितळून पुन्हा गोठवलेला असेल तर जेली गढूळ येते किंवा येतच नाही.

तसल्या माशाला अमोनियाचा वासही मारतो. शार्कच्या रक्तात सुमारे २ टक्के युरिया असतो, समुद्राच्या खारेपणाशी मेळ राखायला. मासा मेला की जीवाणू त्याचा अमोनिया करतात.

माझ्या मते मुशीतला सगळ्यात विलक्षण भाग म्हणजे तिचं गर्भाशय. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नाहीच. इतर कित्येक शार्कमध्ये पिल्लू बलकावर महिनोन्महिने वाढतं, इथे मात्र सुरुवातीपासून सगळं आईकडून येतं. मादी गाभण असेल तर साफ करताना प्रत्येक पिल्लू आपल्या नाळेने वारेला जोडलेलं दिसतं. नाळेवर बारीक धाग्यांची झालर असते, ती बोटाने ओढू नका, पाण्यात धरली की उलगडते. पाच-सहा महिन्यांत १२ ते १५ सेंटिमीटरची पिल्लं जन्माला येतात, बहुधा ६ ते १८. बांगडा एका हंगामात हजारो अंडी टाकतो. मुशीची अशी एक मादी जाळ्यात गेली की पुढची वीणही तिच्याबरोबर जाते. बाजारात १५ सेंटिमीटरच्या मुशींचा ढीग दिसला तर त्याची नोंद नक्की करा.

वयासाठी पाठीवरच्या पहिल्या पराखालचे पाच-सहा मणके घ्या. इतर माशांचं वय कानातल्या खड्यावरून किंवा खवल्यांवरून काढतात, शार्कमध्ये ती सोय नाही. मणके उकळू नका, शार्कचे मणके हाडाचे नसून मऊ कूर्चेचे असतात, ती आक्रसते आणि तडे जातात. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मांस खरवडा आणि सावलीत वाळवा. मग मध्यातून उभा, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ काप घेऊन भिंगाखाली फिकट-गडद पट्टे मोजा. एक जोडी म्हणजे एक वर्ष हे गृहीत धरलेलं असतं, ते प्रत्येक जातीत तपासावं लागतं. न्यूझीलंडच्या पोरबीगल शार्कच्या मणक्यांवरून जास्तीत जास्त वय ३८ निघत होतं. अणुचाचण्यांतून समुद्रात उतरलेल्या कार्बनच्या खुणा वापरल्यावर ते ६५ च्या आसपास गेलं, कारण म्हाताऱ्या शार्कमध्ये पट्टे इतके बारीक होतात की वाचताच येत नाहीत.

जातीची खात्री करायची तर डीएनए. बाजारात सगळा मासा एकाच पाण्यात धुतला जातो, म्हणून वरचं मांस नको. स्वच्छ ब्लेडने आतला डाळीएवढा तुकडा काढा आणि त्याच्या दहापट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. फॉर्मलिनमध्ये ठेवलात तर डीएनए खराब होतो. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला. आत कागदाची चिठ्ठी ठेवा आणि ती पेन्सिलीने लिहा, पेनची शाई विरघळते: तारीख, लांबी, नर की मादी, आणि "माल कुठला?" विचारल्यावर मिळालेलं बंदराचं नाव. बंदर कळलं नाही तर 'पुणे बाजार, बंदर माहीत नाही' असं लिहा, अंदाजाने रत्नागिरी लिहू नका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथे नमुना दाखवायचा झाला तरी पहिला प्रश्न बंदराचाच येईल.