तळमजला मासळीचा

माउझल, कॉर्नवॉल. ऑक्टोबर, रात्री दहा.

दुपारी ओहोटीने बंदर पार कोरडं पडलं. होड्या वाळूत कुशीवर कलंडलेल्या. थंडी वाढली की धक्क्यांमधल्या फटीत लाकडाचे जाडजूड ओंडके उतरवून बंदराचं तोंडच बुजवतात, नाहीतर वादळात लाटा थेट घरांवर येतील.

आम्ही उतरलोय ते घर ग्रॅनाइटचं. खिडकीच्या कोनाड्यात कोपरापर्यंत हात घातला तरी बोटं काचेला लागत नाहीत, एवढी भिंत जाड. तळमजल्यावर सोफा आणि टीव्ही. पूर्वी इथल्या पुष्कळ घरांत तळमजला मासळीचा असे, आणि संसार वर, बाहेरच्या दगडी जिन्याने. पिलचर्ड, म्हणजे आपल्या तारलीची जातभाई, किनाऱ्याला लागली की बायका थर रचायच्या: मीठ, मासे, पुन्हा मीठ. चांगली मुरली की पिंपात भरून वर दगडाचं वजन. निथळलेलं तेल दिव्याला, मासा इटलीला, तिथल्या कॅथलिकांच्या उपासाला. वर झोपणाऱ्यांच्या नाकाचं काय होत असेल! भाड्याच्या जाहिरातीत 'मूळ दगडी भिंती' ठळक आहे, वासाबद्दल अक्षर नाही.

गाव मात्र वाटतं तितकं जुनं नाही. जुलै 1595 मध्ये स्पॅनिश सैनिकांनी किनाऱ्यावर उतरून ते जाळलं. केग्विन घराण्याचा वाडा तेवढा वाचला. लढताना गेलेल्या मालकाच्या नावाची पाटी अजून भिंतीवर आहे.

जेवणाआधी वरच्या गल्ल्यांत चक्कर मारली. गल्ली कसली, बोळच. दिवेलागण झालेली, पण खिडकीमागून खिडकी काळोखी. दाराशेजारी भाड्याने येणाऱ्या पाहुण्यांसाठी आकडे फिरवून उघडायची किल्लीपेटी, एकीला लागून दुसरी. आमच्याही दाराला तीच आहे, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू? एप्रिल 2025 पासून इथल्या कौन्सिलने सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केला. ज्याला बंदरावर घर परवडतं तो कराला भिऊन ते विकेल, हे मला पटत नाही.

देवगडला आमच्या वाडीतही जांभ्याची घरं वर्षभर बंदच. पण गणपतीला चाकरमानी उतरले की त्याच घरातली माणसं त्याच घरात शिरतात, हिश्शावरून भांडायला का होईना.

आणि याच बोळांतून 19 डिसेंबर 1981 च्या रात्री माणसं धावत गेली. युनियन स्टार नावाचं मालवाहू जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चाललं होतं. गावालगतच्या पेनलीची बचावनौका सॉलोमन ब्राउन निघाली, आठही जण याच गावचे, सगळे स्वयंसेवक. त्यांतला एक पब चालवणारा. त्याने दोनच दिवसांपूर्वी बंदरावरच्या नाताळच्या रोषणाईचं बटण दाबलं होतं. एक बापलेक दोघंही आले होते, तर नौकेच्या प्रमुखाने पोराला परत पाठवलं, एका घरातला एकच म्हणून. चौघांना उचलल्याचा निरोप रेडिओवर आला, मग काहीच नाही. दोन्हींकडचे मिळून सोळा गेले. तरी एका दिवसाच्या आत नवी तुकडी उभी राहील इतक्या लोकांनी गावातून नावं दिली.

हे आठवत बोळातून खाली उतरताना दारं मोजावीशी वाटली. आज तशी हाक आली, तर कुठलं दार ठोठावायचं? 1983 पासून बचावनौका पलीकडे न्यूलिनला असते. खऱ्या मच्छीमार बोटीही तिथेच.

लेकीचा हट्ट, डिसेंबरात पुन्हा यायचं. 23 तारखेला इथे दंतकथेतल्या टॉम बॉकॉक या कोळ्याची रात्र असते आणि 'पाय' (pie), म्हणजे पिठाच्या कवचात भाजलेले मासे, वाटतात; कवचातून माशांची तोंडं वर काढलेली. तिला त्या तोंडांचे फोटो हवेत. घरमालकीणबाईंना फोन केला. त्या लंडनला राहतात. म्हणाल्या, तो आठवडा जानेवारीतच भाड्याने गेला.