झुर्बारानसाठी ग्वादालुपे: जा, पण एका दिवसात नको

सतराव्या शतकातल्या झुर्बारान या स्पॅनिश चित्रकारासाठी पश्चिम स्पेनमधल्या ग्वादालुपेच्या मठात जायचं, तर 'माद्रिदहून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत' असा सल्ला देणाऱ्यांनी तो रस्ता स्वतः कधी केलेला नसावा. ग्वादालुपेला रेल्वे जात नाही. आम्ही नावाल्मोराल दे ला माताला उतरलो. तिथून पुढे ईबोर नदीच्या खोऱ्यातून डोंगरात चढत जाणारा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. आंबेनळी घाट संपतच नाही असं समजा. टॅक्सीवाल्याने फोनवर एक भाडं सांगितलं आणि स्टेशनवर 'परत रिकामा येणार' म्हणत जवळपास दुप्पट मागितलं. बसचं वेळापत्रक आधी बघा, नाहीतर सरळ गाडी भाड्याने घ्या. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, तिसऱ्या वळणावर नव्हे.

एवढा आटापिटा कशासाठी? फ्रान्सिस्को दे झुर्बारानने १६३८-३९च्या सुमारास इथल्या मठासाठी रंगवलेली चित्रं अजून जागची हललेली नाहीत, यासाठी. १८३५ मध्ये सरकारने मठ बंद केले तेव्हा हाही रिकामा झाला, ठिकठिकाणच्या मठांतली चित्रं पांगली, ही मात्र राहिली. पूजासाहित्याच्या दालनात, म्हणजे साक्रिस्तियात, हिएरोनिमाइट, म्हणजे संत जेरोमच्या पंथातल्या, साधूंची आठ मोठी चित्रं आहेत. फादर इयेस्कास लेखणी थांबवून थेट तुमच्याकडे बघतो. मागे कमानीखाली दानधर्म चाललाय. फादर काबान्युएलास गुडघ्यांवर, समोर प्रसादाची चकती हवेत तरंगतेय. पांढऱ्या झग्याच्या नुसत्या घड्यांत झुर्बारानने जे केलंय, त्यापुढे कामारीनमधला, म्हणजे वेदीमागच्या मूर्तीच्या खोलीतला, इटालियन चित्रकार लुका जोर्दानो मला भडक वाटला.

आता राग. आत गटानेच सोडतात, माहिती स्पॅनिशमध्ये, फोटो बंद. भरतकाम आणि हस्तलिखित गायनपोथ्यांपाशी गाईडबाई रमल्या आणि साक्रिस्तियात येताच घाई सुरू झाली. तेव्हा चित्रांची नावं आधीच पाठ करून जा, दारातून आत शिरताना पुढे राहा आणि बाहेर पडताना रेंगाळा. मुक्काम गावातच करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढता येतं. आम्ही काढलं. पैसे वसूल.

फुएन्ते दे कान्तोस, म्हणजे झुर्बारानचं जन्मगाव (जन्म १५९८), वगळा. तिथे त्याच्या नावाचं घर आहे, पण मूळ चित्रांची आशा ठेवू नका.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो; रांग मोठी, पण हलते. तिथलं झुर्बारानचं १६३४ चं 'कादिसचं संरक्षण' बघाच; कादिस हे स्पेनचं बंदर. इंग्रजांचा १६२५ चा हल्ला मागे समुद्रात चाललाय आणि पुढे संधिवाताने बेजार गव्हर्नर खुर्चीत बसून हुकूम सोडतोय. युद्ध काही झुर्बारानला जमलेलं नाही. अधिकारी साधूंसारखेच स्तब्ध उभे! खुर्चीतला म्हातारा मात्र अस्सल.

सेव्हिलच्या कलासंग्रहालयात त्याचं १६३१ चं संत थॉमस अक्वायनसचं भलंमोठं चित्र आहे आणि मठाच्या जेवणघरातल्या संत ह्यूगोचंही. तिकीट दीड युरो, गर्दी नाही, हवं तितका वेळ उभे राहा. सोमवारी बंद.