आमची वाटचाल: चासी आणि बॉडीमधलं रबर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी रबर मोल्डिंगचं काम सुरू केलं ते साखर कारखाने आणि फाउंड्र्यांच्या भरवशावर. कपलिंगची बुशं, पाइपांचे गॅस्केट, यंत्राखालचे बफर असं काम असायचं. हाताने चालणारा एक प्रेस, शेजारच्या टर्नरकडून करून घेतलेल्या डाय (साचे) आणि केरळहून येणारी आरएसएस-४ शीट, म्हणजे धुरावून वाळवलेलं नैसर्गिक रबर, एवढं भांडवल होतं. आज आमच्या कामाचा मोठा हिस्सा जुन्या गाड्यांच्या बॉडी पॅडचा आहे, म्हणजे गाडीची बॉडी आणि तिच्याखालचा लोखंडी सांगाडा (चासी) यांच्यामध्ये बसणाऱ्या रबराचा. हे काम आमच्या दारात आणलं वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीपांनी.

वडापची जीप किती माणसं घेऊन धावायची हे या भागात कुणाला सांगायला नको. त्या वजनाने आणि रस्त्यांनी चासी आणि बॉडीमधलं रबर चेपून पापडासारखं व्हायचं. ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, "मालक, बॉडी लई खडखडतीया." तोवर सगळे टायरचे तुकडे कापून घालायचे. वडिलांनी कमी चेपलेला एक जुना पॅड मिळवला, त्याची उंची आणि कडकपणा मोजला, आणि जीपच्या पॅडची पहिली डाय करून घेतली.

ज्या गाडीला वेगळी चासी असते तिची बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली असते, आणि प्रत्येक बोल्टपाशी मध्ये रबर असतं. बऱ्याच गाड्यांत वर एक पॅड, खाली एक पॅड, मधोमध लोखंडी स्लीव्ह (नळी), वर-खाली वॉशर, आणि या सगळ्यांतून जाणारा बोल्ट अशी रचना असते. अँबेसिडर किंवा फियाट ११०० यांना अशी चासीच नाही, त्यांची बॉडी एकसंध. तरी त्यांचे बॉडी पॅड मागणारे फोन येतात आणि आम्ही ते काम नम्रपणे नाकारतो. जीप, स्टँडर्ड हेराल्ड आणि १९५० च्या आधीच्या अमेरिकन गाड्या हे आमचं खरं क्षेत्र.

अमेरिकन गाड्या आपल्याकडे इतक्या कशा, याचं उत्तर मुंबईत आहे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली जोडणीचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज आणि प्लिमथ जोडल्या. त्यातल्या कितीतरी गाड्या अजून वाड्यांच्या मागे, शेडमध्ये उभ्या आहेत.

अशीच एक शेव्हरोले फ्लीटमास्टर पुण्याहून आमच्याकडे आली. रंग सुंदर झाला होता, पण उजवं दार दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय लागत नव्हतं. आधीच्या गॅरेजमध्ये बिजागऱ्या वाकवून झाल्या होत्या. आम्ही बिजागऱ्यांना हात न लावता गाडीखाली गेलो. काउलखालचा (बॉनेटमागच्या, पुढच्या काचेखालच्या भागाचा) पॅड जवळजवळ संपलेला होता, आणि मागे कुणीतरी नवा, दगडासारखा कडक तुकडा घातला होता. बॉडी पिळली गेली होती. काउलपाशी दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी दाराच्या मागच्या कडेला तो ठळक दिसतो. पुढे चासी आणि रेडिएटरचा ताळमेळ बिघडला तर पंखा श्राउडला, म्हणजे त्याच्याभोवतीच्या आवरणाला घासतो आणि स्टिअरिंग कॉलमवर ताण येतो. दार न लागणं हे फक्त सगळ्यांत आधी दिसणारं लक्षण. पॅडचा पूर्ण संच बदलला, शिमा (पातळ पट्ट्या) घालून फटी जुळवल्या, तेव्हा ते दार एका बोटाने लागू लागलं. त्या गाडीनंतर पुण्या-मुंबईची कामं येऊ लागली.

संच पूर्ण हवा, यावर आम्ही ठाम असतो. दोनच पॅड द्या म्हणणाऱ्याला आम्ही देत नाही, कारण नवे उंच आणि जुने चेपलेले मिळून बॉडीला पीळ बसतो. मालाबाबतही तसंच. साधारण ६० ते ७० शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं रबर आम्ही वापरतो, पण नुसत्या कडकपणावरून काही कळत नाही. दाबाखाली किती काळ टिकतं ते महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक नव्या मिश्रणाचा नमुना २५ टक्के दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवतो, बाहेर काढून अर्ध्या तासाने उंची मोजतो. जो नमुना पुरेसा वर येत नाही ते मिश्रण बाद. इंजिनजवळ तेल उडतं, तिथे निओप्रीन हे तेल सोसणारं कृत्रिम रबर. मागच्या जागी नैसर्गिक रबर, त्यात ओझोनपासून वाचवणारं द्रव्य घालून. पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारखं कडक प्लास्टिक मागणारेही भेटतात. ते टिकतं, पण त्याने इंजिनची थरथर आसनापर्यंत पोचते, आणि ७० वर्षांच्या गाडीत बसणाऱ्याला ती नको असते.

टायरचे तुकडे घालणाऱ्या मिस्त्रींबद्दल मला मात्र आदर आहे. कन्व्हेअर बेल्टचे तुकडे कापणारे तर मूळ मालाच्या फार जवळ होते, कारण त्या काळातल्या अनेक गाड्यांचे पॅड कापड आणि रबर यांच्या थरांचेच होते. विलीज जीपमध्ये काही ठिकाणी लाकडी पट्ट्याही असतात. मूळ गाडीत थरांचा पॅड असेल तर आम्हीही थरांचाच करतो. गुळगुळीत काळा पॅड दिसायला छान असला तरी तो तिथला नव्हे.

बसवण्याचं काम घाईचं नाही. आधी दारांच्या, बॉनेटच्या फटी मोजून टेपवर लिहून ठेवायच्या. स्टिअरिंग कॉलमचा क्लॅम्प, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी, रेडिएटरचे होज, सगळं सैल करायचं, नाहीतर बॉडी उचलताना काहीतरी तुटतं. एक बाजू बोल्टने सैल धरून दुसरी बाजू जॅक आणि लाकडी फळीवर थोडी थोडी उचलायची. बॉडीच्या आतले गंजलेले नट बोल्टसोबत फिरतात, त्यांना आधी भिजवून ठेवायचं. स्लीव्ह सोडून कधी कसायचं नाही, कारण बोल्टचा ताण रबरावर नव्हे, स्लीव्हवर यायला हवा. रबराला ग्रीस लावायचं नाही, साबणाचं पाणी पुरतं. बॉडी आणि चासीमध्ये अर्थिंगची पट्टी परत जोडायची, कारण मध्ये रबर आल्यावर दिव्यांच्या विजेला परतीची वाट उरत नाही. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा कसायचं.

आता हेराल्डचं काम हाती आहे. १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेली आणि पुढे मद्रासला बनलेली ही गाडी वेगळ्या चासीवर उभी असते, आणि तिचं पुढचं अख्खं बॉनेट एकत्र उघडतं. बॉनेट आणि दार यांच्यातली फट जुळली की नाही ते लांबूनच कळतं. तीन जिल्ह्यांतल्या हेराल्ड मालकांनी जुने पॅड आणून दिले आहेत. ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी ते फेकू नयेत. प्रत्येक पॅड कुठल्या जागेचा ते चिठ्ठीवर लिहावं, चेपलेला असला तरी सोबत त्याची स्लीव्ह आणि वॉशर पाठवावेत. पॅडची मूळ उंची आम्हाला त्या स्लीव्हवरूनच मिळते.