टूरच्या आधीचे पाच दिवस

इटलीच्या टूरची कार्यक्रमपत्रिका हातात आली आणि मी सगळ्यात आधी फ्लोरेन्स शोधलं. अर्धा दिवस! त्यातही कॅथेड्रल बाहेरून, चौक, चामड्याचं दुकान आणि परत बसमध्ये. मी कोल्हापूरची, त्यात राजाराम कॉलेजची. ज्या राजाराम महाराजांच्या नावाचं ते कॉलेज, त्यांचं निधन फ्लोरेन्सला झालं आणि त्यांची छत्री तिथेच नदीकाठी आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं. ती छत्री पत्रिकेत असणार नव्हतीच. मग ठरवलं, टूरच्या आधी आपण आपले जायचं.

ह्यांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादीच मांडली. पाच दिवसांत व्हेनिस, फ्लोरेन्स, नेपल्स, पॉम्पेई, रोम. मी म्हटलं, "अहो, आपण बासष्ट वर्षांचे आहोत, पोस्टाची गाडी नाही." शहर बदललं की अर्धा दिवस जातोच. खोली सोडा, स्टेशन गाठा, बॅगा ओढा, नवी खोली दुपारी मिळेपर्यंत थांबा. शेवटी कसोटी एकच लावली: टूर जिथे पुरेसं थांबणार आहे तिथे आपण जायचं नाही. व्हेनिस टूरमध्ये होतं, म्हणून गेलं. नेपल्सवरून दोन दिवस अबोला झाला, पण तेही गेलं. उरलं ते फ्लोरेन्स तीन रात्री आणि रोम दोन रात्री.

खरी कसरत कागदांची. टूर कंपनीच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काकू, ग्रुपच्या तिकिटाची तारीख बदलत नाही." बरं, जायचं आपल्या तिकिटाने आणि यायचं ग्रुपच्या, असंही चालत नाही, जाताना त्या तिकिटावर बसलो नाही तर परतीचंही रद्द होतं. म्हणून विमान वगळून नुसती टूर घेतली आणि तिकीट स्वतः काढलं, जाताना रोमला उतरणारं, येताना मिलानहून निघणारं. दोन्हीकडचं एकाच तिकिटात मागितलं की दोन वेगळ्या तिकिटांपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

व्हिसाचा अर्ज कंपनीच भरणार होती, पण ग्रुपच्या तारखा आणि आमच्या तारखा वेगळ्या. प्रत्येक रात्रीचं हॉटेल दाखवावं लागतं, म्हणून आमच्या पाच रात्रींची बुकिंगं आधी केली, पैसे परत मिळतील अशीच. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा लागतो. कंपनीने पाठवलेली पॉलिसी सहज उघडून पाहिली तर ती टूरच्या पहिल्या दिवसापासून सुरू! आधीचे पाच दिवस उघडेच. फोन केला, दुसऱ्या दिवशी सुधारून आली. बँकेत तीस वर्षं तारखा तपासल्या त्याचा असा उपयोग झाला. व्हिसा हातात आल्यावरही आधी त्यावरचा दिवसांचा आकडा बोटांवर मोजला.

टूरच्याच हॉटेलात दोन रात्री वाढवून घ्या, असाही सल्ला मिळाला होता. नकाशात पाहिलं तर ते रोमच्या बाहेरच्या गोल रस्त्यापाशी. बस दिमतीला असेल तर ठीक, आपले आपण असू तर रोज येण्याजाण्यातच जीव जायचा. आम्ही तेर्मिनी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर राहिलो आणि रविवारी दुपारी टॅक्सीने टूरच्या हॉटेलवर गेलो. विमानतळावरून न्यायला येणारी बस आपल्यासाठी नसते, हे कंपनीकडून लेखी विचारून घेतलं होतं.

वारांचं गणितही घातलं. फ्लोरेन्सची उफ्फीझी गॅलरी सोमवारी बंद, म्हणून मंगळवारी पोचलो. रोममध्ये टूरचं कोलोसियम म्हणजे बाहेरून फोटो, तेव्हा आतलं तिकीट आम्ही काढलं. ते महिनाभर आधी खुलं होतं, त्यावर नाव असतं आणि दारात पासपोर्टशी जुळवतात.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला थेट गाडी ३२ मिनिटांत पोचवते. पुढची फ्लोरेन्सची वेगवान गाडी दीड तासाची. स्वस्त तिकीट बदलता येत नाही, म्हणून विमान उतरल्यावर चार तास मोकळे ठेवले होते. पासपोर्टच्या रांगेतच त्यातला सव्वा तास गेला. आणि स्टेशनवर फ्लोरेन्स शोधू नका, पाटीवर फिरेन्झे असतं. शहरात स्टेशनंही एकाहून जास्त आहेत, आपलं ते सांता मारिया नोव्हेला.

तिथला पाव चक्क अळणी. फ्लोरेन्सच्या तोस्काना प्रांताची तीच रीत आहे म्हणे. पहिल्या रात्री ह्यांनी बॅगेतून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली आणि इतक्या लांब आल्याचं सार्थक झाल्यासारखा चेहरा केला.

बुधवारी सकाळी ट्रामने कास्किने बागेपाशी उतरलो. ही बाग आर्नो नदीच्या काठाने तीन किलोमीटरहून लांब पसरलेली. पार दुसऱ्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे छत्री. आम्ही चालत गेलो, तासभर लागला. महाराज इंग्लंडहून परतत होते. ३० नोव्हेंबर १८७० ला इथे गेले, वय अवघं वीस. त्या काळी इटलीत दहनाची प्रथा नव्हती, पण शहराने खास परवानगी दिली आणि सोबतच्या माणसांनी संगम शोधून तिथे चिता रचली. १८७४ मध्ये स्मारक झालं. अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, वरची छत्री मेजर मँटची. आमचा कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याने आखला तोच. पुतळ्याला रंग दिलेले आहेत, त्यामुळे पहिल्यांदा बघताना दचकायला होतं, कोणी बसलंय की काय! शेजारच्या मोठ्या पुलाला तिथले लोक इंदियानोचा, म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात. ह्यांनी चपला काढल्या. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, ती थांबून बघत राहिली.

रविवारी ग्रुप भेटला. चौघीजणी सांगलीच्या निघाल्या. पाच दिवसांनी आमची बस फ्लोरेन्सला पोचली तेव्हा त्यातल्या एका आजींनी टूर मॅनेजरला विचारलं, "इथं आपल्या महाराजांची छत्री हाय न्हवं?" तो म्हणाला, वेळ नाही. खरंच नव्हता, साडेबाराला जेवण ठरलेलं होतं. मी मागच्या सीटवर जाऊन त्यांच्याशेजारी बसले आणि फोनमधले फोटो काढले. त्यांनी चष्मा पुसला, एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो मला व्हाट्सपला टाक."