क्वेसार एवढे का चमकतात?

क्वेसार म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या, पण खूप लांबच्या दीर्घिकांचं अतितेजस्वी केंद्र. क्वेसारबद्दल वाचताना सगळे त्याच्या तेजाबद्दलच बोलतात, पण मला विचाराल तर खरी थक्क करणारी गोष्ट म्हणजे तो एवढा उजेड किती छोट्या जागेतून येतो.

थ्रीसी 273 हा क्वेसार घ्या. कन्या तारकासमूहात आहे आणि बऱ्यापैकी मोठ्या हौशी दुर्बिणीतून साध्या ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. 1962 मध्ये चंद्र त्याच्या आडून गेला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीने त्याची जागा नेमकी पकडली, मग खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिटने अमेरिकेतल्या पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीतून त्याचा वर्णपट (प्रकाश रंगांमध्ये फोडून मिळणारा पट्टा) घेतला तर त्यातल्या रेषा ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. 1963 मध्ये त्याच्या लक्षात आलं की अरे, हा तर आपला हायड्रोजनच आहे, फक्त सगळ्या रेषा 16 टक्के लाल बाजूला सरकल्यात! विश्व पसरत असल्यामुळे रेषा जितक्या जास्त सरकलेल्या तितकी वस्तू लांब. म्हणजे हा ठिपका आपल्यापासून 200 कोटी प्रकाशवर्षांहून जास्त लांब, आणि तरी इतका ठळक दिसतोय म्हणजे त्याचं तेज काही लाख कोटी सूर्यांएवढं, अख्ख्या आकाशगंगेच्या शंभरपट तरी.

आता खरी गंमत. क्वेसारचा उजेड कमीजास्त होतो, काहींचा तर थोड्या दिवसांतच. एखादी वस्तू एक प्रकाशवर्ष रुंद असेल तर ती आठवड्याभरात अख्खी उजळलेली आपल्याला दिसूच शकत नाही, कारण तिच्या पलीकडच्या टोकाचा प्रकाशच आपल्याकडे वर्षभर उशिरा पोचणार. म्हणजे हे सगळं तेज साधारण आपल्या सूर्यमालेच्या मापाच्या जागेतून येतंय. एवढ्याशा जागेत तेवढे तारे कोंबायचे म्हटलं तरी बसणार नाहीत.

मग उरतं ते कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर. ते स्वतः चमकत नाही, चमकतो तो त्यात पडणारा गॅस. हा गॅस सरळ आत जात नाही, फिरत फिरत त्याची तबकडी होते, आतले थर जोरात फिरतात, बाहेरचे हळू, त्या घासाघाशीत सगळं प्रचंड तापतं. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम 0.7 टक्के भाग ऊर्जा होतो, इथे नुसत्या पडण्यातून 6 टक्के, आणि कृष्णविवर वेगाने फिरत असेल तर 40 टक्क्यांपर्यंतही! त्यामुळे थ्रीसी 273 सारख्या क्वेसारला वर्षाला काही सूर्यांएवढा गॅस मिळाला की भागतं, मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा विश्वासच बसेना.

अर्थात गॅस संपला की क्वेसार विझतो. सगळ्यात जास्त क्वेसार साधारण 1000 कोटी वर्षांपूर्वी पेटलेले होते. 1969 मध्ये खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड लिंडन-बेलने मांडलं की विझलेल्या क्वेसारची कृष्णविवरं आपल्या आसपासच्या दीर्घिकांच्या मध्यभागी असणार, आणि पुढे तशी सापडलीही. आपल्या आकाशगंगेच्या मधोमधही 40 लाख सूर्यांच्या वजनाचं एक आहे, फक्त सध्या त्याच्यापर्यंत फारसा गॅस पोचत नाहीये.