ताम्हिणीच्या ओढ्यावर हिरव्या पंखांची टाचणी

पुण्याहून ताम्हिणीला बहुतेक मंडळी पावसाळ्यात धबधब्यांसाठी जातात. आम्ही तिघे मात्र नोव्हेंबरातल्या एका रविवारी, ओढ्यांचे पाणी निवळल्यावर, केवळ एका टाचणीसाठी, म्हणजे चतुरासारख्या पण बारीक अंगाच्या कीटकासाठी, गेलो. चतुर पंख पसरून बसतो, तर बहुतेक टाचण्या बसताना पंख पाठीवर मिटून घेतात, आणि याच सवयीमुळे आम्हाला हवी असलेली स्ट्रीम ग्लोरी अनेकांच्या नजरेतून निसटते. नराच्या मागच्या पंखांची वरची बाजू धातूसारखी चकाकणारी हिरवी असते. पण पंख मिटले की बाहेरून फक्त काळपट तपकिरी रंग दिसतो. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली या जातीला दिलेल्या ‘चायनेन्सिस’ या नावाचा अर्थ ‘चीनची’ असा होतो, तरी आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांवर ती जुनीच रहिवासी आहे.

आम्ही चांदणी चौकातून सहाला निघालो, पौडला चहा घेतला आणि आठच्या सुमारास घाटात पोहोचलो. एवढी घाई करण्याचे काही कारण नव्हते, कारण ओढ्यावर ऊन उतरायला साडेनऊ वाजले आणि उन्हाशिवाय ही टाचणी फारशी हलत नाही. शिवाय पहिला तास आम्ही एका साचलेल्या डोहाशी घालवला. तिथे पिवळ्या पोटाच्या मार्श डार्ट नावाच्या टाचण्या दिसल्या, पण त्या शहरातल्या तळ्यांकाठीही भेटतात. स्ट्रीम ग्लोरीला खळाळते, स्वच्छ पाणी लागते, कारण तिची अंडी पाण्यातल्या झाडोऱ्यात घातली जातात आणि पिल्लांना वाहत्या पाण्यातला भरपूर प्राणवायू हवा असतो. म्हणून मोठे खडक, काठावर झाडी आणि मधूनमधून ऊन अशी जागा शोधावी.

अशा एका वळणावर नर सापडला. सुमारे सहा सेंटीमीटर लांबीचा, पाण्यातून वर आलेल्या दगडाच्या टोकावर बसलेला. मी जवळ सरकू लागताच तो उडाला, आणि त्याच्याकडे पाहण्याच्या नादात शेवाळावरून पाय घसरून मी गुडघाभर पाण्यात बसलो. खिशातला मोबाईलही भिजला. (तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, असे सोबत्याने गाडीतच सांगितले होते.) निमूटपणे काठावर बसून राहिल्यावर पाचेक मिनिटांत नर त्याच दगडावर परतला. त्याचा पाठलाग करू नये. दगड हेरून ठेवावा आणि आपली सावली त्यावर पडणार नाही असे बसावे.

थोड्या वेळाने मादी आली. तिचे पंख फिकट तांबूस, त्यांवर पांढरट ठिपके. नराने मागचे पंख ताणून स्थिर धरले आणि केवळ पुढच्या पंखांच्या जोरावर तो तिच्यापुढे तरंगू लागला. हिरवा रंग पूर्ण उघडा पडला तो तेव्हाच. मग तो चक्क पाण्यावर उतरला आणि प्रवाहाबरोबर हातभर वाहत गेला. माझ्याकडे याचे छायाचित्र नाही, आणि कॅमेऱ्यात डोके खुपसले असते तर हे दिसलेही नसते.

जाणाऱ्यांनी पकड असलेल्या सँडल घालाव्यात आणि दोन मीटरवरही स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण घ्यावी. घाटात मोबाईलची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी. डबे मात्र ओढ्यात धुऊ नयेत. साबणाचे ते पाणी थेट पिल्लांपर्यंत जाते. आमच्या ओढ्यावरचे ऊन तीनच्या सुमारास सरले आणि नर वरच्या फांदीवर जाऊन बसला, त्यामुळे दहा ते दोन एवढाच वेळ धरून जावे.