एका 'यू'साठी अडलेला निधी

एप्रिल उजाडला तरी बँकेच्या त्या काउंटरची आठवण आली की तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आमची छोटी संस्था चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आणि पाड्यांवर बँकेचे व्यवहार समजावून सांगते. पासबुक कसं वाचायचं, जनधन खात्यातून वर्षाला 436 आणि 20 रुपये कसल्या विम्याचे कटतात, बँक आणि पतसंस्था यांत फरक काय. हा फरक आमच्याकडे फार महाग पडलाय. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे कित्येकांना पैसे अडकल्यावरच कळलं. "ताई, मना पैसा कथा गयात?" (माझे पैसे कुठे गेले?) असं एका आजींनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तेव्हाच ठरवलं, काम वाढवायचं. एका कंपनीकडे सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशासाठी, अर्ज केला.

तीन वर्षांचे ऑडिट, दर्पण या सरकारी पोर्टलवरची नोंदणी, 12ए आणि 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-1 फॉर्म, सगळं आमच्या सीएने उरकून दिलं. निधी मंजूर झाला. मग कंपनीतून फोन आला, "मॅडम, पॅनवरचं आणि चेकवरचं नाव जुळत नाही."

संस्थेच्या नावात 'बहुउद्देशीय' आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पॅनवर दोन 'यू', चेकवर एकच. आणि पैसे 31 मार्चच्या आत सोडायचे होते.

पहिल्या खेपेला शाखेत सांगितलं, सर्व्हर बंद आहे. दुसऱ्या खेपेला साहेब ट्रेनिंगला. तिसऱ्या खेपेला, "वर पाठवलंय." कधी पाठवलं, कोणत्या पत्राने पाठवलं, काही सांगेनात. एसटीचे हेलपाटे आणि अख्खे तीन दिवस गेले. मग घरी येऊन जुन्या फाइली उपसल्या आणि खातं उघडतानाच्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात, एकेका चौकोनात एकेक अक्षर, आणि दोन्ही 'यू' जागच्या जागी. चूक बँकेच्या टायपिंगची होती! सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा, हे मी कळकळीने सांगते.

3 मार्चला लेखी तक्रार घेऊन गेले. "ठेवून जा, पोच लागत नाही," असं उत्तर आलं. मी म्हटलं, "पोच मिळेपर्यंत मी इथेच उभी आहे." पाऊण तास उभी राहिले. शेवटी शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडला. तक्रारीत स्पष्ट लिहिलं होतं की 30 दिवसांत निवारण झालं नाही तर 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन. त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार हवीच, नाहीतर तिथे दाद लागत नाही. 30 दिवस मोजले तर मार्च संपणार होता, म्हणून तीच तक्रार बँकेच्या नोडल अधिकाऱ्यालाही, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यालाही, ईमेलने पाठवली. 22 तारखेला फोन आला, नाव दुरुस्त झालं. पहिला हप्ता 29 ला जमा झाला. पासबुकावर तो छापून घेताना माझे हात थरथरत होते.

संस्था नवी काढत असाल तर नावाचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच बैठकीच्या ठरावात लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. 80जी तात्पुरतं असेल तर मुदत संपायची तारीखही बघा, आमची थोडक्यात हुकली असती.

एप्रिलमध्ये पहिलं शिबिर पाड्यावर घेतलं. सकाळची मोहफुलं वेचून झाल्यावर बाया आल्या. ती शिक्क्याची पोच मी सोबत नेली होती. ती हातोहात फिरली, आणि परत माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कोपऱ्याला मोहाचा चिकट डाग लागला होता.